मी न चालवलेली स्कूटर

सोलापुरात अजूनही एखाद्या लग्नात जुनं कुणीतरी भेटतं आणि पान चघळत विचारतं, "तुमीच न्हवं का हो, समुद्रात स्कूटर घातलेल्या?" मधली बरीच वर्षं मी गप्प बसायचे. आता बसत नाही. नाही म्हणून सांगते. मी स्कूटर समुद्रात घातली नाही आणि त्या बेटावर ती हातभरसुद्धा चालवली नाही. समोरचं माणूस आणखी हसतं. त्याला वाटतं, बाई लाजतेय. म्हणून एकदा हे सगळं कागदावर उतरवून मोकळी होते.

ज्याने हे केलं तो माझा नवरा. घरात आणि चारचौघांत मी त्याला जन्मभर 'अहो' म्हणाले. इथे मात्र मी त्याच्याबद्दल एकेरीत लिहिणार आहे. आदर बराच खर्च करून झालाय, आता उरलेला मला पुरवून वापरायचा आहे.

स्कूटर माझी होती. हे आधी सांगते, कारण पुढे ते सगळेच विसरले. माझे वडील, आप्पा, कापड गिरणीत फिटर होते. सत्तरच्या दशकात स्कूटर ही दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. आप्पांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होते, आणि स्कूटर आली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. नंबर माझ्या नावावर लावला होता. मला भाऊ नव्हता म्हणून असेल, असं लोक म्हणायचे. आप्पा म्हणायचे, "भाऊ असता तर तेला सायकल दिली असती."

चालवायला त्यांनीच शिकवली, तीही स्कूटर यायच्या कितीतरी आधी, एका मित्राची गाडी मागून आणून. निम्मं सोलापूर गाडी शिकलं ते हिप्परग्याच्या तलावात. उन्हाळ्यात पाणी हटत हटत पार मध्यावर जातं आणि मागे नुसतं सपाट, कडक मैदान उरतं. समोरून कुणी येत नाही, पडलं तरी फार लागत नाही. आप्पा स्टेपनीला धरून मागे धावायचे आणि धापा टाकत सूचना द्यायचे. "क्लच हळू सोड. गाडीला घाई न्हाय, तुला कशाला?" एका रविवारी त्यांनी हात कधी सोडला मला कळलंच नाही. मी पार पाण्याच्या कडेपर्यंत गेले, वळले आणि परत आले. आप्पा कमरेवर हात ठेवून उभे होते. त्या दिवसाइतका आनंद मला पुढे फार थोड्या वेळा झाला.

सासर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारं. घरात कन्नड आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. लग्नात स्कूटरला हळदकुंकू लागलं, हार घातला, आणि दुसऱ्या दिवसापासून किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली. मी विचारलं तर अव्वा म्हणाल्या, "आपल्या घरात सुना गाड्या चालवत न्हाईत." जसं काही त्या घरात आधी गाड्यांची रांग लागली होती आणि सुनांनी त्यांना हात लावला नव्हता. घरात आलेली पहिली गाडी माझी होती. मला तिच्या मागच्या सीटवर, दोन्ही पाय डावीकडे सोडून, पदर सावरून बसण्याची परवानगी मिळाली.

नवरा वाईट नव्हता, असं मला बरीच वर्षं लोक सांगत आले. मारत नव्हता, पीत नव्हता, सोमवार करत होता. हे सगळं खरं आहे. पण माणूस भित्रा असला की त्याला वाईट असण्याची गरजच पडत नाही, त्याच्या भीतीची किंमत शेजारचं माणूस देतं.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा सौराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांना टॉवेलचे नमुने दाखवायला त्याला जायचं निघालं. नवराबायकोने नुसतं फिरायला जाणं अव्वांना मान्य नव्हतं, पण सोमनाथ म्हटल्यावर शंकराच्या घरातल्या माणसांना नाही म्हणता येईना. सोमनाथाहून पुढे दीवचं बेट आहे, तिथल्या लॉजवाल्यांनाही टॉवेल लागतात, असं त्याने कुठूनसं ऐकलं होतं. स्कूटरही न्यायची ठरली. गावोगाव नमुने फिरवायला बरी, असं तो सांगत होता. खरं कारण म्हणजे मागे ठेवली तर धाकटा भाऊ उडवत फिरेल ही धास्ती.

स्टेशनावर स्कूटरमधलं पेट्रोल काढून तिला गोणपाटात बांधत होते. सुतळी ओढताना मी त्याला हळूच म्हणाले, "तिथे तरी मला चालवू द्या." तो इकडेतिकडे बघून हसला. "चालव की. बेटावर कोण वळखतंय आपल्याला?"

त्या एका वाक्यावर मी सबंध प्रवास केला. गाडी बदलताना, पोळीभाजी खाताना, डब्यात झोपलेल्या लोकांकडे बघताना माझी डावी मूठ मांडीवर गिअर टाकत होती. पहिला, न्यूट्रल, दुसरा. सोमनाथाला हात जोडले तेव्हा मी देवाकडे काय मागितलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. बेटाचा सगळा किनारा माझ्या हाताने फिरू दे, एवढंच मागितलं.

शेवटच्या स्टेशनावर स्कूटर सोडवली, पेट्रोल भरलं आणि खाडीपर्यंत गेलो. पलीकडे दीव. फळी टाकून स्कूटर होडीत चढवली. नवरा हँडल धरून उभा, मी स्टेपनीला धरून. मी समुद्राचं पाणी पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. मन भरून आलं होतं. होडी काठाला लागली आणि धक्क्यावरून आवाज आला, "सोलापूरचं का हो?"

सीटवर आम्ही आमची चादर घडी करून बांधली होती. सोलापूरच्या माणसाला जगाच्या पाठीवर कुठेही आपली चादर ओळखू येते. धक्क्यावर उभे असलेले गृहस्थ सुताचे व्यापारी निघाले. नुसते सोलापूरचे नाहीत, तर आमच्याच मागांना सूत देणारे. तेही बायकोला घेऊन सोमनाथ करून आले होते. नवऱ्याला इतका आनंद झाला की ते उतरले होते त्याच लॉजवर त्याने खोली घेतली. चादर बांधायची कल्पना माझी होती, चढवताना-उतरवताना सीट खरचटू नये म्हणून. त्या चादरीचा मला आजही राग येतो.

संध्याकाळी मी विचारलं. तो म्हणाला, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "ते दोघं खाली बसल्यात की. बघतील." मी म्हटलं, बघू देत. तर म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला. सूत त्येंच्याकडनं घ्यायचंय मला." बायकोने स्कूटर चालवली म्हणून सुताचा भाव वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी बेटाची फेरी मारायची ठरली. मागे बसून का होईना, किनारा दिसेल, म्हणून मी सकाळी लवकर तयार झाले. तर या माणसाने काय करावं? जाताना आतल्या रस्त्याने गेला. मिठागरं, बाजरीची कापलेली शेतं, चुन्याच्या भिंतींची घरं, आणि ती दोन-दोन फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं, होका म्हणतात त्यांना. पार पश्चिमेच्या टोकाला कोळ्यांच्या गावात गेलो, तिथे मासळीच्या वासाने नाक धरून लगेच मागे वळला. परत येताना मात्र समुद्राकाठचा रस्ता धरला. आता समुद्र उजवीकडे. आणि मी डावीकडे पाय सोडून बसलेली. म्हणजे सगळा किनारा, खडक, लहान लहान वाळूच्या चंद्रकोरी, फुटणाऱ्या लाटा, सगळं माझ्या पाठीमागे. माझ्यासमोर निवडुंग. मी मान वळवली की तो ओरडायचा, "हलू नको, तोल जातोय." मी म्हटलं, जरा थांबवा, बघू द्या. म्हणाला, "बघायचं काय त्यात, पाणीच हाय."

हा माणूस हँडल धरून बसला होता, त्याला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि त्याला बघायचं नव्हतं. मला बघायचं होतं आणि माझी समुद्राकडे पाठ होती. माझ्याखाली इंजिन होतं, माझ्या बापाने वाट बघून मिळवलेलं, आणि मी त्यावर सामानासारखी लादली गेले होते. लाटांचा आवाज मागून येत राहिला. मी रागाने रडले, आणि वाऱ्याने डोळे आपोआप वाळले, त्यामुळे त्याला कळलंही नाही.

वाटेत एके ठिकाणी मात्र थांबला, कारण तिथे महादेव होता. काठावरच्या कपारीत खडकावर पाच शिवलिंगं आहेत, असं व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. आम्ही पायऱ्या उतरून गेलो तर लिंगं दिसेनात. नुसतं पाणी आत येत होतं आणि फेसाळून परत जात होतं. तिथे बसलेला पुजारी म्हणाला, देव पाण्याखाली आहेत, संध्याकाळी या. संध्याकाळी परत गेलो. पाणी पार खाली उतरलेलं, पाचही लिंगं उघडी, ओली आणि त्यांच्यावर कुणी वाहिलेली फुलं. नवऱ्याच्या अंगावर काटा आला. त्याने डोळे मिटून हात जोडले. "बघितलीस का, समुद्र सोता येऊन अभिषेक करतोय."

भरती-ओहोटी आम्ही दोघांनीही शाळेत पाठ केली होती. त्याला भूगोलात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हे त्याने मला लग्न ठरवायला आला तेव्हाच सांगितलं होतं. पण पाठ केलेलं नुसतं डोक्यात राहतं, अंगात मुरत नाही. तलावाच्या काठी वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे पावसाळ्यात चढणारं आणि उन्हाळाभर हळूहळू हटणारं. दिवसातून दोनदा उठबस करणारं पाणी त्याला देवाचा महिमा वाटला. समुद्राचा स्वभाव वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. आमच्या सासरी अमावस्येला माग पुसायचे, गाडी धुवायची, लिंबू-मिरची बांधायची आणि नारळ फोडायचा, ही रीत कधी चुकली नाही. घरी असताना गाडी तलावावर नेऊन धुवायचे. इथे तर दारात समुद्र. नवरा पहाटेच उठला, लॉजची बादली घेतली, आणि आम्ही नागोआच्या किनाऱ्यावर गेलो. व्यापारी आणि त्यांची बायको टांग्याने मागून आले, पूजेला आणि न्याहारीला.

किनारा सुंदर होता. अर्धगोल, माणूस नाही, आणि पाणी खूप लांब. वरची वाळू भुसभुशीत, पण खालची ओली वाळू सिमेंटच्या रस्त्यासारखी कडक. नवऱ्याचे डोळे चमकले. "हिप्परगाच की हे." त्याने स्कूटर थेट खाली, पाण्याजवळच्या एका काळ्या खडकाशी नेऊन स्टँडवर लावली, बादली लांब वाहायला नको म्हणून. मग समुद्राचं पाणी बादलीने तिच्यावर ओतायला लागला. मी म्हटलं, "अहो, खारं पाणी आहे." तो म्हणाला, "पाणी ते पाणी." बादली, बादली, बादली. चाकं, फूटबोर्ड, इंजिनाच्या झाकणाच्या फटी, सगळीकडे. माझं लग्न होईपर्यंत आप्पा दर रविवारी ज्या स्कूटरला मऊ फडक्याने पुसायचे, तिला हा मिठाने आंघोळ घालत होता, आणि वर मंत्र म्हणत होता. हँडलला लिंबू-मिरची बांधली. खडकावर नारळ फोडला. मग हँडल लॉक केलं, अख्ख्या किनाऱ्यावर चिटपाखरू नसताना, आणि किल्ली खिशात टाकली.

मी म्हटलं, गाडी वर घ्या. म्हणाला, "धुतलेल्या गाडीला वरची वाळू लागंल. सुकू दे हितंच."

आम्ही वर होक्याच्या झाडाखाली बसलो. व्यापाऱ्यांच्या बायकोने कडक भाकरी, शेंगाची चटणी, गूळ असं सगळं मांडलं. पुरुषांचं सुताचं बोलणं सुरू झालं. मला बोलायला काही नव्हतं, म्हणून मी निवांत समुद्राकडे बघत बसले. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच तो माझ्यासमोर होता. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की खडकावरच्या नारळाच्या करवंट्या गेल्या आहेत.

मी म्हणाले, "पाणी वर येतंय."

नवरा भाकरी मोडत म्हणाला, "लाट असंल."

थोड्या वेळाने मी परत म्हणाले. या वेळी तो माझ्याकडे न बघता व्यापाऱ्यांना म्हणाला, "हिप्परग्याला बघितलंय न्हवं तुमी? हाटलेलं पाणी पावसाबिगर कवा आलंय का?" व्यापारी म्हणाले, न्हाय की. मी म्हटलं, काल महादेव पाण्याखाली होता ना. तर दोघांनीही माझ्याकडे बघितलं, देवाचं नाव चुकीच्या ठिकाणी घेतलं असावं तसं. "तितला महिमा हाय तो," नवरा म्हणाला. "हितं काय हाय?"

मी हात पुढे केला. "किल्ली द्या. मी आणते वर."

इतकं साधं होतं ते. लॉक काढायचं, न्यूट्रल करायचं, एक किक मारायची, कडक वाळूवरून वर यायचं. मला येत होतं. त्यालाही माहीत होतं की मला येतं. त्याने व्यापाऱ्यांकडे बघितलं आणि हसला. "आता बायका गाड्या आणणार." व्यापारी हसले. त्यांची बायकोही हसली. नवऱ्याने खिशावर हात थोपटला आणि मला म्हणाला, "सुम्म बस. भाकरी खा."

माझा हात तसाच पुढे राहिला होता. पुढच्या सगळ्या वर्षांत मला त्याच्याबद्दल जे काही वाटलं ते तिथून सुरू होतं. लाटेने नंतर जे केलं त्याबद्दल माझी समुद्रावर काही तक्रार नाही.

मी उठले आणि खाली चालू लागले. ढकलून आणावी म्हटलं. पण हँडल लॉक. स्टँडवरून काढली तर ती एकाच जागी गोल फिरू लागली. पाणी माझ्या घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत आलं. मी मागे वळून हाका मारल्या. पहिल्या हाकेला कुणी हललं नाही. मग लाट चाकावर आपटलेली दिसली असावी, कारण नवरा धावत सुटला, तोंडात घास तसाच. पाण्यात येईपर्यंत किल्ली ओली, लॉक उघडेना. उघडलं तेव्हा मी म्हणाले, "सुरू करू नका, नुसती ढकला." मी माझी बाजू ढकलत होते. पण त्याला व्यापाऱ्यांसमोर ढकलत यायचं नव्हतं. तो चढला आणि किक मारायला लागला. सायलेन्सर पाण्यात होता. इंजिन एकदा खोकलं, आत जायचं ते सगळं पाणी आत घेतलं आणि बंद पडलं. पुढच्या लाटेने त्याला आणि स्कूटरला एकदमच आडवं केलं.

हाका ऐकून लांबून कोळी आले, दोर लावून त्यांनी ती ओढून काढली. लिंबू-मिरची अजून हँडलला होती. मी कमरेपर्यंत भिजले होते, हाताची सालं निघाली होती. नवरा वर जाऊन पँटचे पाय पिळत बसला. व्यापारी म्हणाले, "समुद्राचं काय सांगता येत न्हाय." म्हणजे सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही आणि मग सांगता येत नाही म्हणायचं.

परतीच्या गाडीत तो केविलवाणा झाला होता. मला म्हणाला, "घरी मी बोलतो. तू गप र्‍हा." मला वाटलं, स्वतःची चूक स्वतः सांगणार आहे. खरं सांगते, मला त्याची थोडी दयासुद्धा आली. मी त्याला चहा आणून दिला.

घरी सासरे आणि अव्वा बाहेरच्या खोलीत बसलेले. दारात टेम्पोतून उतरवलेली, गंजायला लागलेली स्कूटर. अव्वांनी विचारलं, काय झालं. नवरा खाली बघत म्हणाला, "हिनं हट्ट धरला चालवायचा. मी नको नको म्हणत हुतो. घातली पाण्यात."

मी म्हणाले, "खोटं आहे हे. मी किल्लीला हातसुद्धा लावला नाही."

अव्वा म्हणाल्या, "चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडतीस?" तिथे आम्ही चौघंच होतो. सासरे म्हणाले, जाऊ दे, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. मी ओरडले, रडले, भांडले. जेवढं भांडले तेवढं त्यांना ते खरं वाटत गेलं, कारण चूक करणारी सूनच एवढी आरडाओरड करते. नवरा आंघोळीला निघून गेला.

दोन दिवसांनी सुताचे व्यापारी आले. अव्वांनी त्यांना विचारलं. मी दाराआड उभी होते, आणि माझी अजून आशा होती. ते म्हणाले, "व्हय की. तरणं रक्त. हट्ट करत्यात पोरी." पुढे सिद्धेश्वराच्या देवळात त्यांची बायको मला एकटी भेटली. मी तिला अडवलंच. म्हटलं, तुम्ही तर समोर होता, किल्ली मागितली तेव्हा हसलाही होता. ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी सांगितल्यावर मी काय बोलू बाई?" आणि प्रदक्षिणा घालायला गेली. मी तिथे देवळातच तिला नको ते बोलले. त्याचीही मग गावभर कथा झाली.

महिन्याभरात गोष्ट माझ्याआधी सगळीकडे पोचायला लागली. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली विचारायची, समुद्र लई खोल असतोय का. एमआयडीसीतले कामगार सायकलवरून जाताना मागे वळून बघायचे. आमच्या गल्लीत एका मुलीने स्कूटर शिकायचं म्हटलं तर तिच्या बापाने माझं उदाहरण देऊन तिला गप्प केलं. हे ऐकलं तेव्हा मी जेवले नाही.

स्कूटर दुरुस्तीला माझ्या माहेरी गेली, कारण आप्पा फिटर आणि त्यांच्याकडे फुकटात होणार होतं. नवरा त्यांच्या समोर जायला तयार नव्हता, म्हणून टेम्पोबरोबर मी गेले. पुढे आप्पांनी ती चालू करून दिली तरी ती आमच्या घरी टिकली नाही. घरात अपशकुनी गाडी नको म्हणून सासऱ्यांनी ती विकून टाकली, मला न विचारता.

त्या दिवशी आप्पांनी अंगणात गोणपाट अंथरून इंजिन खोललं. आत सगळीकडे पांढरं मीठ धरलेलं. मला वाटलं ते चिडतील. मला ते चिडायला हवे होते. माझ्या बाजूने चिडणारं जगात एक तरी माणूस असावं, एवढीच इच्छा घेऊन मी टेम्पोत बसले होते. पण आप्पा एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मग," ते म्हणाले, "चालवलीस म्हणं समुद्राच्या कडंनं."

मी रॉकेलचं भांडं त्यांच्याजवळ सरकवलं.

"मला गिरणीत सांगितलं एकानं. मी म्हणलं, बुडाली तर बुडाली. चालवली तर खरी." त्यांनी ब्रशने मीठ खरवडलं. "किती लांब गेलतीस? वाळूवर गाडी वडती न्हवं का? दुसऱ्यात ठिवलीस का पहिल्यात?"

त्यांना सगळं ऐकायचं होतं. वाऱ्याचं, वळणांचं, गिअरचं. माझ्या बापाने स्टेपनी धरून धावताना जे मनात धरलं असेल ते त्यांना आता माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना हवं होतं ते नाही, झालं ते. चादर, उद्या-उद्या, पाठीमागचा किनारा, अमावस्या, खारी बादली, हात पुढे केला ते, घरी बोलला ते. मी हातभरसुद्धा चालवली नाही, हे मी तीनदा म्हणाले असेन.

आप्पांचा हात थांबला. मग फडक्याला हात पुसत त्यांनी विचारलं, "हे कुणाकुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. कुणी ऐकत नाही."

"मग र्‍हाऊ दे की तसंच," ते म्हणाले. आवाज हळू होता, समजुतीचा. "सगळ्या सोलापूरला वाटतंय तू चालवलीस. मीबी गिरणीत सांगून आलोय. नाव तर तुझंच झालंय न्हवं?"

अव्वांचा राग मी समजू शकले, नवऱ्याचा भित्रेपणा मला आधीच माहीत होता, पण हे मला आप्पांकडून नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापावर आवाज चढवला.

"मला नाव नको होतं, आप्पा. मला चालवायची होती."